एकेचाळीस होकार

पडद्यावर आकडा उमटला तेव्हा तारखाडीच्या देवळापुढच्या मंडपात एकेचाळीस घरांची एकेचाळीस माणसं कपाळाला पट्टे बांधून बसली होती, आणि त्यांतल्या एकालाही तो आकडा मोठ्याने वाचायचा धीर होईना.

वरच्या ओळीत होतं : होकार एकेचाळीस. खालच्या ओळीत : मनाविरुद्ध होकार एकोणचाळीस.

यंत्राजवळ द्वारका बसली होती. यंत्र चालवायचं काम तिचं. तिने पडदा पुसला, पुन्हा बघितलं. आकडा तोच.

"वाच गो," पंच हिराजी म्हणाला. "आम्हाला काय दिसत नाय होय? पण तू वाच."

"एकेचाळीस जण होय बोलले," द्वारका म्हणाली. "त्यांतल्या एकोणचाळीस जणांच्या मनात नाय होतं."

खाडीवरून वारा येत होता, पट्ट्यांच्या वायरी हलत होत्या, आणि ओल्या पट्ट्यांतलं पाणी माणसांच्या भुवयांवरून ओघळत होतं. ते पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

प्रश्न एकाच माणसाचा होता. द्वारकेचा सख्खा भाऊ जयवंत. एकोणीस वर्षांपूर्वी, बंदीच्या महिन्यांत गावातल्या होड्या चोरून समुद्रात जातात हे त्याने मासेमारी खात्याला कळवलं. माशांच्या पोटात अंडी असतात तेच हे महिने, असं तो सगळ्यांना आधी चारदा सांगून बसला होता. खात्याने अकरा होड्या ओढून नेल्या. हिराजीची होडी तर सरकारी आवारात कुजूनच गेली. मग गावकी बसली आणि जयवंतला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या जाळ्याला हात लावायचा नाही, त्याला बर्फ द्यायचा नाही. तो बायकोला घेऊन खाडीपलीकडे गेला आणि तिथल्या पडक्या बर्फाच्या कारखान्यात राहू लागला.

तारखाडीच्या गावकीची रीत साऱ्या किनाऱ्याला माहीत होती. घराला एक आवाज. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने आधी बोलायचं, मग वयाने उतरत जायचं. पुरुषांचं संपलं की बायका, आणि बायकांत घरकर्ती अशी विधवा द्वारका एकटीच, म्हणून तिचा आवाज कायम शेवटचा. सगळे होय म्हणाले तर ठराव उभा, एक जरी नाय म्हणाला तर पडला. आणि तारखाडीत कुणाच्या आठवणीत एकही ठराव पडला नव्हता. आमचं गाव एका तोंडाने बोलतं, असं लोक मिरवून सांगायचे.

आता नव्या कायद्याने अशा प्रत्येक ठरावाला, जुन्यासुद्धा, यंत्रापुढे एकदा बसवायचं ठरलं होतं. कागदावर त्याचं नाव सहमती-पडताळणी संच असं होतं. लोक त्याला कौलयंत्र म्हणत. आज त्यापुढे प्रश्न होता : जयवंतला वाळीत टाकलेलं तसंच ठेवायचं काय?

त्याचं शास्त्र द्वारकेने तालुक्याच्या चार दिवसांच्या वर्गात ऐकलं होतं आणि आपल्या पद्धतीने डोक्यात बसवलं होतं. जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी. त्या वेळी जसा हिसका बसतो, तसाच एक बारीक हिसका माणूस चुकला की त्याच्या मेंदूच्या मधल्या भागात बसतो. पण माणूस मुळीच चुकलेला नसला, नुसतं त्याचं मत भोवतीच्या चारचौघांपेक्षा वेगळं निघालं, तरीही मेंदू तोच हिसका देतो. वेगळं असणं आणि चुकणं यांतला फरक त्याला कळत नाही. हिसका नको म्हणून माणूस आपलं उत्तर बदलतो, आणि बदललं की त्याला बरं वाटतं. कपाळाचा आणि टाळूवरचा पट्टा तो हिसका टिपतो. दुसऱ्यांचे होकार कानावर पडत असताना आणि आपला होकार देताना किती जणांना हिसका बसला, एवढंच यंत्र सांगतं. कुणाला बसला हे सांगत नाही.

"मंग ते दोघं कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

त्या प्रश्नाने सगळे दचकले. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघू लागला. आतापर्यंत एकेचाळीसांत असणारी माणसं एका क्षणात एकोणचाळीसांत जाऊन बसू पाहत होती.

"मी नव्हे," हिराजी उठून उभा राहिला. "होडी माझी गेली, राग मला होता, नाय कशाला म्हणू? पण माणसाला तोडा, असं माझ्या मनात कधी नव्हतं. देवाशप्पथ. सगळ्यांचं ठरलंय म्हणून मी मान हलवली."

"माझंही तसंच."

"मला तर तेव्हाच नको होतं. घरी जाऊन बायकोला बोललो मी, विचारा तिला."

मग एकेकाचं तोंड उघडलं. कुणी म्हणालं, त्या दिवशी मी जेवलो नाही. कुणी म्हणालं, जयवंतची होडी दिसली की मी आपली होडी वळवायचो, शरमेने. शेवटी धाकू नाखवा बोलले. वय वर्षं एक्याण्णव. एकोणीस वर्षांपूर्वीही पहिला आवाज त्यांचाच होता.

"आदल्या दिवशी पाच-सहा पोरं माझ्या ओटीवर येऊन आरडाओरडा करून गेली," ते म्हणाले. "मला वाटलं, गाव पेटलाय. मी नाय बोललो तर गाव फुटेल. म्हणून होय बोललो, बाबांनो. आणि तुम्ही बोललात मी बोललो म्हणून." म्हातारा हुंदके देऊन रडू लागला. त्याच्या कपाळावरचा पट्टा घसरून नाकावर आला तरी तो रडतच राहिला.

द्वारकेला आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी असेलही, पण त्याच्याआधी भीती आली. एकोणीस वर्षं ज्या भिंतीला सगळे घाबरून होते, ती भिंत कुणी बांधलीच नव्हती.

त्याच बैठकीत पट्टे उतरवून पुन्हा विचारलं. जयवंतला परत आणायचं. एकेचाळीस होय.

*

खाडी ओलांडायला वीस मिनिटं लागतात. द्वारकेला एकोणीस वर्षं लागली होती.

जयवंत पाण्यात कमरेएवढा उभा राहून कालवांचा तराफा धूत होता. दाढी पांढरी, अंगावर जुना सदरा. त्याने होडी येताना पाहिली, कोण आहे ते ओळखलं, आणि पुन्हा धुवायला लागला.

"वाट चुकलीस?" तो म्हणाला.

"नाय, दादा."

"मंग पट्टा तुटला असेल मोटरचा. आत अवजारं हायत. घे नि जा. बोलू नको, तुला त्रास होईल."

"दादा, बंदी उठली. सगळ्यांनी उठवली."

तो थांबला. द्वारकेने होडीतूनच सगळं सांगितलं. यंत्र, हिसका, एकोणचाळीस. हिराजी काय म्हणाला, धाकू नाखवा कसे रडले. ती भराभरा सांगत गेली, कारण थांबलं तर आपल्याला रडू येईल हे तिला माहीत होतं. जयवंत ऐकत होता. त्याच्या हातातला कुंचला पाण्यात पडला आणि वाहत निघाला, तरी त्याने धरला नाही.

"एकोणचाळीस?"

"हां."

"मंग मला घालवला कोणी?"

द्वारकेने होडीची कड धरली.

"नाय, सांग ना. तुझी वहिनी गेली तेव्हा खांद्याला माणसं मिळाली नाहीत. मी नि शहरातून आणलेले तीन हमाल. तेव्हा मी रडलो नाय. का ते ठाऊक हाय? मी म्हटलं, गावाचा राग खराच एवढा मोठा हाय. अकरा होड्या गेल्या, पोरं उपाशी राहिली, राग असायचाच. त्या रागाला मी मान दिला, द्वारके. त्याच्याशी मी एकोणीस वर्षं निभावलं. आणि आता तू सांगतेस, राग नव्हताच कोणाला?"

"सगळे घाबरले होते."

"कोणाला?"

"एकमेकांना."

जयवंत हसला.

"आणि तू?"

हा प्रश्न येणार हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. "मी शेवटची होते," ती म्हणाली. "चाळीस होय झाले होते. माझी जीभ टाळ्याला चिकटली."

"चिकटली नव्हती. चांगली मोकळी होती." तो शांतपणे म्हणाला. "मी मंडपाच्या मागे भिंतीशी उभा होतो. मोजत होतो. चाळीस झाले तेव्हा मी श्वास धरला. म्हटलं, आता आपली द्वारका हाय."

पाणी तराफ्याखाली चुळुक चुळुक वाजत होतं.

"चल," पाण्याबाहेर येत तो म्हणाला. "दोर टाक. कालवं चार दिवस राहतील इथं, मंग नेईन."

*

गावाने त्याचं असं स्वागत केलं की बघणाऱ्याला वाटावं, माणूस परदेशाहून आलाय. हिराजीने स्वतः त्याचा हात धरून त्याला जेटीवर उतरवलं. बायकांनी त्याचं बंद घर झाडून सारवून ठेवलं होतं. रोज दोन घरांतून जेवण यायचं, कधी कोळंबीची आमटी, कधी तळलेले बोंबील. लोक ओटीवर बसायचे आणि आपल्याला तेव्हा किती वाईट वाटलं होतं ते सांगायचे. जयवंत ऐकून घ्यायचा. आठव्या दिवशी तो पहिल्यांदा एका विनोदावर मोकळं हसला, आणि द्वारकेला वाटलं, बसली घडी.

नवव्या दिवशी यंत्राच्या तपासणीला जिल्ह्याहून मृण्मयी देवस्थळी नावाची इंजिनिअर आली. तिशीची, बोलायला मोकळी. द्वारकेच्या घरी चहा पीत तिने पेटी उघडली, एक पट्टा उचलला, आणि कप खाली ठेवला.

पट्ट्याच्या आतल्या मऊ गाद्यांवर पांढरी खरपुडी धरली होती.

"द्वारकाताई, या गाद्या कशात भिजवल्यात?"

"मिठाच्या पाण्यात. वर्गात सांगितल्याप्रमाणे."

"पेटीतल्या बाटल्यांतलं?"

"दोनच बाटल्या होत्या, मॅडम. माणसं एकेचाळीस. मी बाटलीतलं पाणी जिभेला लावून बघितलं. मीठच होतं. म्हटलं, मिठाचं पाणी आमच्या दारात कमी आहे का? भरतीच्या वेळेला दोन हंडे भरून आणले. आणि चांगल्या निथळत्या ठेवल्या गाद्या, कोरड्या राहायला नकोत म्हणून."

मृण्मयीने डोळे मिटून घेतले. मग हळू आवाजात, शिक्षकाने समजवावं तसं तिने समजावलं. बाटलीतलं मीठ मोजून घातलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट, त्याची गादीवर खरपुडी धरते. त्यात गाद्या निथळत ठेवलेल्या, म्हणून पट्टे कपाळावर टिकेनात. माणूस बोलायला लागला की जबडा हलतो, जबडा हलला की कानशील हलतं, आणि सैल पट्टा सरकतो. "यंत्राला तो हिसका मनातला वाटला. जो जो मोठ्याने 'होय' म्हणाला, त्याच्या नावावर एक हिसका पडला. ताई, त्या एकोणचाळीसांत मनं नाहीत. जबडे आहेत."

द्वारकेने गादीवरची खरपुडी नखाने खरवडली. "आणि ते दोघं?"

"ते हळू बोलले असतील."

बाहेर कुणीतरी जयवंतला हाका मारत होतं, जाळं ओढायला ये म्हणून. द्वारका दाराकडे बघत राहिली.

"म्हणजे खरा आकडा कधीच कळायचा नाही?"

"कळेल. पूर्ण नाही, पण बराचसा." मृण्मयीने यंत्र आपल्या संगणकाला जोडलं. "बोलतानाचे क्षण मी काढून टाकते. माणसं गप्प बसून ऐकत होती तेवढ्याच वेळच्या रेषा ठेवते. त्या वेळी जबडे हलत नव्हते."

चहा निवून गेला. पडद्यावर एकेचाळीस रेषा आल्या, समुद्रावरच्या शांत लाटांसारख्या. मृण्मयीने बोटाने चार ठिकाणी खूण केली. आणखी शोधलं. मग हात मागे घेतला.

"चार," ती म्हणाली.

"चारच जणांच्या मनात होय होतं?"

"नाही, ताई. चारच जणांच्या मनात नाही होतं. बाकी सदतीस खरंच होय म्हणत होते."

द्वारका उठून उभी राहिली. "पण ते रडले! नाखवा रडले. हिराजीने शप्पथ घेतली. खोटं रडले सगळे?"

"खोटं नाही. हेच तर..." मृण्मयी शब्द शोधत होती. "गर्दी काय म्हणते ते कळलं की माणूस कधी नुसतं तोंड बदलतो. पण कधी त्याची आठवणच बदलते. मेंदूचा आठवणी ठेवणारा भाग ती गोष्ट नव्याने लिहून काढतो, आणि जुनी सापडत नाही. तुमच्या पडद्यावर एकोणचाळीस उमटले. प्रत्येकाला वाटलं, आपणच त्या वाईट दोघांतले एक. तो हिसका फार मोठा असणार. दोन मिनिटांत त्यांना खरंच आठवायला लागलं, की आपल्याला कधीच नको होतं. आज पट्टा बांधून विचारलं तरी यंत्र म्हणेल, ही माणसं खरं बोलतायत."

पडद्याकडे वळून द्वारका म्हणाली, "माझी रेषा दाखवा."

"नियम असा आहे, की..."

"दुसऱ्या कोणाची नको. माझी मला दाखवा. शेवटची. एकेचाळिसावी."

मृण्मयीने दाखवली.

एकोणीस वर्षं द्वारकेने स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती : मन नाय म्हणत होतं, तोंड होय म्हणालं. तिच्या पापाला तेवढं एक पांघरूण होतं. नऊ दिवसांपूर्वी मंडपात तिने पुन्हा होय म्हटलं, तेव्हाही तिला वाटलं होतं की आतून आपण तडफडतोय. चाळीस माणसं एकामागून एक तिच्या भावाला होय म्हणत बाहेर ठेवत होती, ती ऐकत होती, आणि पडद्यावरची रेषा सपाट होती. ओहोटीच्या वाळूसारखी सपाट.

"मशीन चुकलं असेल," मृण्मयी घाईने म्हणाली. "खारं पाणी होतं, रेषा दबते कधीकधी. आणि एकोणीस वर्षांपूर्वीचं तर हे सांगतच नाही. ताई, इतकी वर्षं रोज ऐकून ऐकून कुणाचंही..."

"राहू द्या."

मृण्मयीने पेटी बंद केली. मग इकडेतिकडे बघून खाली आवाजात म्हणाली, "मी 'वाचन ग्राह्य' असं लिहू शकते. गाद्या बदलल्या की कुणाला कळणार नाही. नियमाने बैठक पुन्हा घ्यावी लागते, खरा आकडा वाचून. पण माणूस घरी आलाय ना तुमचा? तुम्ही सांगाल ते लिहीन. चार वाजेपर्यंत सांगा."

*

जयवंत ओटीवर जाळं विणत होता. शेजारी कुणाच्या तरी घरून आलेला डबा झाकून ठेवलेला. द्वारकेने त्याला सगळं सांगितलं. जबडे, चार, सदतीस. शेवटी स्वतःची रेषा. ती सांगताना तिने मान वर ठेवली होती, पण तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, डोळ्यांत पाणी होतं.

जयवंतची सुई हवेतच राहिली.

"म्हणजे हा डबा," तो म्हणाला, "ज्याने पाठवला, त्याला नऊ दिवसांपूर्वी मी नको होतो?"

"बहुतेक."

"आणि आज त्याला वाटतं, मी कायम हवा होतो?"

"खरंच वाटतं त्याला."

तो डब्याकडे असा बघत राहिला, जणू त्यात साप आहे. मग त्याने द्वारकेचा हात घट्ट धरला. म्हाताऱ्या हाताला कालवांचे जुने वण होते.

"सांगू नको कोणाला," तो म्हणाला. "द्वारके, तुझ्या पाया पडतो. मला आता ते पाणी पुन्हा ओलांडायचं नाय. पलीकडे मी स्वतःशी बोलायला लागलो होतो गो. तराफ्याशी बोलायचो. समुद्राच्या पाण्याने चूक केली ना? करू दे. तुझी रेषा सपाट होती ना? असू दे. मी विसरलो. पण लिहायला सांग त्या बाईला."

आयुष्यभर कुणापुढे न वाकलेला भाऊ तिच्या पाया पडत होता, तोही एका खोट्या आकड्यासाठी.

"आणि पुढच्या वेळी?" तिने विचारलं. "उद्या कोणीतरी दुसरा असेल. यंत्र उलटं चुकलं, तर हीच माणसं रडत रडत त्याला घालवतील. मीसुद्धा. आतून मला काहीच वाटणार नाय, दादा. मी बघितलंय ते."

"मंग मी जाऊ?"

"तू कुठं जायचं नाय."

"सदतीस जण हायत!"

"असू देत." ती उठली. "ठराव पाडायला एकच लागतो. आकडा लागतच नाय. तेव्हाही लागत नव्हता."

*

चार वाजता गावकी बसली. जयवंतला द्वारकेने भिंतीमागे उभं राहू दिलं नाही, मंडपात पुढे बसवलं. मृण्मयीने खरा आकडा आणि तो कसा निघाला ते वाचून दाखवलं. ऐकता ऐकता माणसांचे चेहरे पांढरे पडत गेले. "खोटं हाय ते यंत्र!" कुणीतरी ओरडलं. "मला ठाऊक हाय माझ्या मनात काय होतं!" दुसरं कुणीतरी म्हणालं, "कुठलं ठाऊक?" आणि तो प्रश्न तसाच लटकून राहिला.

हिराजीने पट्टे वाटायला घेतले. द्वारकेने आपला परत पेटीत ठेवला.

"मला नको," ती म्हणाली. "आणि आज मी आधी बोलणार."

"शेवटचा आवाज तुझा. रीत हाय."

"रीत ठाऊक हाय मला, हिराजीभाऊ. तीच तर मोडतेय. तुमच्या चाळीसांचं ऐकून झाल्यावर माझ्या आत काय उरतं ते मी बघून आलेय. ऐकायच्या आधी विचारा मला."

हिराजीने धाकू नाखवांकडे बघितलं. म्हाताऱ्याने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. हिराजीने घसा खाकरला. "जयवंतला वाळीत टाकलेलं तसंच ठेवायचं काय?"

कुणी आधी बोललेलं नव्हतं. मंडपात कसलाच आवाज नव्हता, आणि त्या शांततेत आपलं मत कुठे आहे ते शोधायला द्वारकेला आत फार खोल जावं लागलं. तिथे काही सापडेल की नाही याची तिलाच खात्री नव्हती. मग तिने तोंड उघडलं.

"नाय."

हिसका बसला. कुठल्याही यंत्राशिवाय तिला तो कळला, डोक्यापासून टाचेपर्यंत. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

"झालं," हिराजी म्हणाला. "एक नाय आला, ठराव पडला. उठा सगळे."

कुणी उठलं नाही.

"माझं राहिलंय," धाकू नाखवा म्हणाले. काठीवर हात ठेवून, स्वच्छ आवाजात ते बोलले, "मी होय म्हणतो. माझ्या पुतण्याची होडी गेली त्या वेळी. पोर परत समुद्रावर गेलं नाय, शहरात कुठं हरवलं ते हरवलं. मला वाटतं, मी तेव्हाही होय म्हटलं ते याचसाठी. रडलो त्या दिवशी, पण आज शोधलं तर हेच सापडतं. ठराव पडला तर पडू दे. माझं होय हाय."

एक्याण्णव वर्षांचा म्हातारा पडलेल्या ठरावाला एकटा होय म्हणत होता. मग शेजारच्याने "नाय" म्हटलं. त्याच्या पुढच्याने "होय". हिराजी बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला आणि "होय" म्हणाला, अगदी हळू. कुणी "नाय" म्हणून लगेच "थांबा, थांबा" म्हणालं आणि पुन्हा "नाय" म्हणालं. तारखाडीच्या मंडपात पहिल्यांदा दोन शब्द ऐकू येत होते, आणि प्रत्येक शब्दाला माणसं दचकत होती. मृण्मयी यंत्र बंद करून तोंडावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी पंचवीस नाय झाले आणि सोळा होय.

जयवंतने प्रत्येक आवाज ऐकला. होय म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे त्याने नीट बघून घेतलं. माणसं पांगायला लागली तेव्हा तो उठला आणि सरळ धाकू नाखवांसमोर जाऊन उभा राहिला.

जयवंतने हात पुढे केला. "नाखवा, पायऱ्या ओल्या हायत. चला, घरापर्यंत सोडतो."

म्हातारा त्याच्या हाताकडे बघतच राहिला. "मी होय बोललो रे. ऐकलंस ना? तुला राग नाय आला?"

"आला ना," जयवंत म्हणाला, आणि म्हाताऱ्याचा हात काखेत घेतला. त्याची नजर म्हाताऱ्यावरून द्वारकेवर आली आणि तिथेच थांबली. तिने डोळे खाली घातले नाहीत. "पण आता तो कोणाकोणावर करायचा, ते तरी कळलं."

आणि दोघं पायऱ्या उतरू लागले.